उंटवाल्यांच्या यादीत

सुभेदार धर्मनाकांना एक वाईट खोड होती. दुसऱ्याच्या अंगणात शिरताना हाक मारायची नाही, छाती हलवायची. चार मेडलं एकमेकांवर आपटली की घरातल्यांनी समजायचं, सुभेदार आले, पाट मांडा. विहिरीवर जाताना मेडलं, हजामतीला बसताना मेडलं. एकदा त्यांची म्हैस अडली होती, तेव्हाही गोठ्यात मेडलं लावूनच उभे. म्हैस सलाम ठोकील असं वाटलं असावं.

त्या सकाळी मी अंगणात कुळीथ झोडत होते. आवाज ऐकला, पण मान वर केली नाही.

"ठकूबाई, राघनाक कुठं आहे?"

"परसात खराटे बांधतायत. काय काम काढलंत?"

"सरकारी पुडकं आलंय."

दापोलीच्या कॅम्पाखाली आमची पेन्शनरांची वस्ती. टपाल सुभेदारांच्या घरी उतरायचं आणि तिथून घरोघर जायचं. मी हात झटकून उठले. पुडकं फोडलेलं होतं.

"हे कुणी फोडलं?"

"मीच. बराबर आहे की नाही बघितलं जरा."

"आमच्या घरी पोरगं झालं असतं, तर तेही आधी तुम्हीच बघितलं असतंत."

शेजारची पाच-सहा माणसं जमलीच होती. ती हसली. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी पुडक्यातून मेडल काढून तळहातावर ठेवलं. मी आयुष्यभर मेडलं पाहत आले होते. माझ्या बापाचं होतं, सासऱ्यांचं होतं. ती पांढरी, लखलखीत. हे तांबडं होतं. जुन्या घागरीच्या बुडासारखं.

"यांना तांबडं कसं?" मी विचारलं.

"बंदूकवाल्याला चांदीचं. पाणक्याला, न्हाव्याला, उंट हाकणाऱ्याला हे." सुभेदारांनी मेडल डोळ्यांजवळ धरलं. "कडेला नाव कोरलेलं असतं. ऐका." आणि इंग्रजी अक्षरं लावत लावत, हजेरी घ्यावी तशा आवाजात त्यांनी वाचलं, "राघनाक. उंटवाला."

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात हे परसातून आले. धोतराला हात पुसले, मेडल घेतलं, जरा तोललं आणि हसले. वैतागाचं हसू नव्हतं ते. गावाकडची खुशाली कळल्यावर माणूस हसतो, तसं. मग कनवटीला लावलं आणि परत खराटे बांधायला गेले.

त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी दिवसभर कुळीथच झोडत राहिले.

आता या गोष्टीला तीस वर्षं झाली. तेव्हा माझ्या जिवाला एकच घोर होता. माझी चंद्री पंधरा वर्षांची, कॅम्पातल्या शाळेत चार इयत्ता शिकलेली, आणि सुभेदारांच्या अर्जुनाशी तिचं ठरत आलेलं. मुलगा मुंबईला बंदराच्या कोठारात लिहायच्या कामावर होता. असं स्थळ वस्तीत दुसरं नव्हतं. पण आमच्याकडे एक रीत होती. लग्नाच्या वरातीपुढं दोन्ही घरांची मेडलं एका तबकात घालून न्यायची. तबकामागं मेडलवाले चालायचे आणि मांडवात पहिली पंगत त्यांची. ज्यांच्या घरी तांबडं मेडल, ते तबकात घालायचे नाहीत, आणि पंगतीलाही मागून बसायचे. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार येऊन स्पष्टच बोलले.

"ठकूबाई, मुलगी मला पसंत आहे. पण आमच्या तबकात तीन पिढ्यांची चांदी आहे. लोक म्हणतील, धर्मनाकानं उंटवाल्याशी सोयरीक केली."

"हे उंटवाले कधी होते? खांद्यावर बंदूक होती यांच्या."

"ते मला ठाऊक आहे. सरकारला ठाऊक हवं."

यांचे वडील पलटणीत नाईक होते, आजोबा हवालदार. यांची पाळी आली तेव्हा सरकारनं महारांची भरतीच बंद केली होती. हे भरतीच्या दारातून परत आले. मग कळलं, एडनच्या पलीकडे सरहद्दीवरच्या पोलिसांत माणसं हवीत. उंची बघून यांना घेतलं. वाळवंटात साहेबलोक हद्द मोजायचे आणि हे बंदुका घेऊन त्यांच्या भोवती चालायचे. तिकडच्या टोळ्या टेकडीवरून गोळ्या घालायच्या. तीन वर्षांनी परत आले. मी विचारलं, "काय पाहिलंत?" तर म्हणाले, "वाळू." झालं तेवढंच.

त्यांच्याबरोबर पलटणीची तुकडीही होती. पलटणीला मेडल मिळालं, तेव्हा प्रश्न निघाला, पहाऱ्याच्या पोलिसांना द्यायचं की नाही? ते शिपाई धरायचे की नाही धरायचे? चार वर्षं कागद फिरले. शेवटी ठरलं, बंदूक घेऊन हद्दीपलीकडे गेलेल्याला चांदीचं, बाकी चाकरमान्यांना तांबडं. पण पोलिसांच्या हजेरीचं बुक होडी उलटून समुद्रात गेलेलं. मग शिधावाटपाच्या याद्या काढल्या. पोलिसांच्या यादीत नाव असेल तो बंदूकवाला, उंटवाल्यांच्या यादीत असेल तो उंटवाला. हे सगळं सुभेदारांनी कचेरीतून खणून काढलं. कामाला माणूस पक्का होता, ते नाही म्हणत नाही मी.

"तुझं नाव उंटवाल्यांत गेलंच कसं?" त्यांनी यांना विचारलं.

"गेलं," हे म्हणाले.

"कारकुनाची चूक. ठीक आहे. पुढल्या गुरुवारी मेडलाचा साहेब बंगल्यावर बसणार आहे, तक्रारी ऐकायला. तुझा अर्ज मी टाकलाय. तुमचा हवालदार, तो खाडीपलीकडचा बाळोजी दळवी, साक्षीला येतोय. साहेब फक्त विचारील, शिधा कुठं घेत होतास, जेवत कुठं होतास. सांगायचं, पोलिसांत. बस."

"हं," हे म्हणाले.

मी त्या हुंकाराला होकार समजले. यांचे हुंकार तीन तऱ्हेचे असत, आणि वीस वर्षं संसार करून मला त्यातले दोनच कळले होते.

गुरुवारी मी यांचा जुना पोलिसी कोट उन्हात घालून झटकला, गुंड्या चिंचेनं घासल्या आणि स्वतःही निघाले.

"तू कशाला?" हे म्हणाले.

"तुम्ही वाटेत झोपलात तर उठवायला."

बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब टेबलाशी बसला होता, शेजारी दुभाषा कारकून. सुभेदार पायरीशी ताठ उभे. मी समोरच्या आंब्याखाली बसले. तिथून शब्द न् शब्द ऐकू येत होता. दळवी हवालदार आले. मिशा पांढऱ्या झालेल्या, एका डोळ्याला पाणी. यांना बघून जवळ आले, पण हातभर अंतर राखून थांबले.

"बरा आहेस ना रे, राघनाक?"

"आहे. तुमचा डोळा?"

"तिथल्या वाळूनं खाल्ला. जाऊ दे. आज तुझं काम करून टाकू."

साहेबानं कागद पुढं ओढला. कारकुनानं विचारलं तसे दळवी बोलले, आणि चांगलं बोलले.

"याच्या खांद्यावर बंदूक होती, साहेब. दोनदा गोळीबारात होता. एकदा दिवसभर आम्ही दोघं एका खडकामागं पाठीला पाठ लावून होतो. हा नसता तर मी आज इथं नसतो."

"आणि जेवण? शिधा?"

"आमच्यातच, साहेब. आमच्याच चुलीवर जेवायचा."

सुभेदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. साहेबानं टाक दौतीत बुडवला. माझ्या डोळ्यांपुढं तबक उभं राहिलं. मला वरातीतले वाजंत्रीसुद्धा ऐकू यायला लागले होते.

"राघनाक," कारकून म्हणाला, "हवालदार म्हणतायत ते खरं?"

"बंदुकीचं खरं. गोळीबाराचं खरं."

"आणि जेवणाचं?"

हे दळव्यांकडे वळले. आवाज चढवला नाही. दोन माणसं बांधावर बसून बोलतात तसं विचारलं, "हवालदार, तुमच्या चुलीवर मी कधी जेवलो?"

दळव्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे, तुझ्या भल्यासाठी सांगतोय मी."

"ते कळतंय मला. उपकार आहेत. पण जेवलो नाही."

कारकुनानं साहेबाला सांगितलं. साहेबानं टाक खाली ठेवला आणि काहीतरी बोलला. कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, यादी बदलता येते. साक्ष आहे. तू नुसतं हो म्हण."

"यादी चुकीची नाही, साहेब. उंटवाल्यांत नाव घालायला मीच सांगितलं होतं."

"का?"

"तिथं जेवत होतो म्हणून."

 साहेबानं कागदावर रेघ मारली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

सुभेदार पायऱ्या उतरून माझ्यापाशी आले. चेहरा काळाठिक्कर. "डोकं फिरलंय तुमच्या नवऱ्याचं," म्हणाले आणि चालू लागले. मला वाटलं, धरणी फाटेल तर बरं. धरणी कसली फाटतेय. आंब्याखाली मुंग्या होत्या, त्या तेवढ्या पायाला डसल्या.

 वाटेतल्या पऱ्ह्याचं पाणी ओलांडलं आणि माझं तोंड सुटलं.

"एक शब्द! एवढा एक शब्द जड झाला तुम्हाला? मुलीचं सोनं होत होतं. तो दळवी खाडी ओलांडून, एक डोळा पुसत आला, तो वेडा? सुभेदार वेडे? मी वेडी? आणि तुम्ही तेवढे शहाणे, उंटवाले!"

हे एका धोंड्यावर बसले. कोटाच्या गुंड्या काढल्या.

"बस जरा."

"नाही बसत."

"मग उभ्यानं ऐक." आणि त्यांनी आयुष्यात एकदम बोलले नव्हते इतकं बोलायला घेतलं.

"पहाऱ्यात आम्ही बावीस माणसं. चुली चार. ज्याची त्याची जात, ज्याची त्याची चूल. माझी पाचवी. तीन दगड आणि मी. आठ महिने एकट्यानं जेवलो. तो खडकामागचा दिवस दळवी सांगत होता ना, तो खरा आहे. दिवसभर त्याची पाठ माझ्या पाठीला होती. घाम कुणाचा ते कळत नव्हतं. संध्याकाळी गोळीबार थांबला, आणि त्याची चूल तिकडं, माझी इकडं."

मी बसले.

"त्या संध्याकाळी माझ्याकडे लाकूड नव्हतं. चूल पेटेना. सालेम म्हणून एक म्हातारा उंटवाला होता, तिथलाच. तो आला, माझं मनगट धरलं आणि ओढत घेऊन गेला. लाकडाची मोठी थाळी, भात, वर मटण. भोवती सहा माणसं, सगळ्यांचे हात थाळीत. मला मध्ये बसवलं. मी त्याला आपल्या बोलीत म्हटलं, 'अरे बाबा, मी कोण ते ठाऊक आहे का तुला?' त्याला काय कळणार? त्याला वाटलं, मी मटण मागतोय. त्यानं चांगला तुकडा काढून माझ्या पुढ्यात सरकवला."

हे हसले. पुडकं आलं त्या दिवशी हसले होते, तसंच.

"कुणी हात मागं घेतला नाही, ठकू. मी भात घेतला तिथूनच शेजारच्यानं घेतला. दुसऱ्या दिवशी दळव्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, 'तिकडं जेवायचं तर शिधा तिकडच्या यादीतून घ्यावा लागेल. उद्या सरकारनं काही दिलं, तर तुला उंटवाल्यांचंच मिळेल. विचार कर.' माणूस वाईट नाही तो. वेळेवर सांगितलं त्यानं. मी म्हटलं, 'लिहा.' पुढं दोन वर्षं त्याच थाळीत जेवलो."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? भात खाल्ला म्हणून?" पाण्यात दोन बगळे उतरले होते, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "आज मी हो म्हटलं असतं, तर दळव्याच्या चुलीवर जेवलो असं सरकारच्या कागदावर लागलं असतं. मग सालेमनं माझं मनगट धरलंच नाही, असं झालं असतं ना?"

माझ्या तोंडात पुष्कळ शब्द होते. निम्मे तर शिव्याच होत्या.  मी नुसतं म्हटलं, "कोट घाला. वारं सुटलंय."

घरी येऊन मी चंद्रीला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आणि बापाला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार परत आले. मला वाटलं होतं, सोयरीक मोडल्याचं सांगायला येतील. पण ते बसले, मांडीवर हात घासले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मी रात्रभर विचार केला. मुलगी हातची घालवायची नाही मला. लिहिणारी-वाचणारी सून वस्तीत दुसरी मिळायची नाही. आपण असं करू. साहेबानं चांदीचं मंजूर केलं, असं सांगू. ते मुंबईहून बोटीतून येताना टपालातून चोरीला गेलं, म्हणू. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? राघनाक पहिल्या पंगतीला बसेल. ते तांबडं तेवढं खाडीत टाकून द्या."

मी यांच्याकडे बघितलं. हे दाराशी खराट्याचे हीर सरळ करत बसले होते.

"तू ठरव," म्हणाले. "काल मी माझं ठरवलं."

खरं सांगते, मन डगमगलं. स्थळ समोर पाटावर बसलेलं होतं. हो म्हटलं की झालं. मी आत गेले. चंद्री दळत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"काय करू गं?"

जातं थांबलं. "मला विचारतेयस तर सांगते, आई. मी त्या घरात गेले की सासूबाई रोज विचारणार, चोर सापडला का? मी रोज काय सांगू?" आणि तिनं पुन्हा खुंटा धरला.

मी गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. सुभेदारांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी खडा तोंडात टाकला, काम फत्ते झाल्यासारखा.

"सुभेदार," मी म्हटलं, "त्या साहेबानं यांना काल पहिल्यांदा पाहिलं. यादीत होतं तसं त्यानं दिलं. त्याला मी बोल लावत नाही. तुम्ही यांना रोज बघता. मागल्या पटकीत तुमची आई गेली, तेव्हा तिच्या तिरडीला तीनच खांदे मिळाले होते. सगळ्या वस्तीनं दारं लावून घेतली होती. चौथा खांदा द्यायला कोण आलं? त्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत, हा खांदा चांदीचा की तांब्याचा. आज विचारताय, आणि वर मला खोटं बोलायला शिकवताय. मेडल खाडीत जाणार नाही आणि चंद्री तुमच्या घरात येणार नाही. पाणी प्या, आणि या आता."